लकव्याचा रुग्ण घरी आणताना: पलंग आमचा, उशा तुमच्या

फाउलर कॉट, म्हणजे पाठीचा आणि गुडघ्यांचा भाग हँडलने वर होणारा पलंग, घरी पोचली की बहुतेक घरांत पहिल्यांदा पाठीचा भाग वर करून रुग्णाला टेकवून बसवतात. अर्ध्या तासात रुग्ण घसरून खाली येतो. मान छातीवर पडते, सगळा भार माकडहाडावर येतो आणि लुळा हात अंगाखाली अडकतो. यात पलंगाचा दोष नसतो, उशा कमी पडलेल्या असतात. पलंग येण्याआधी पाच उशा काढून ठेवा: दोन मोठ्या, दोन मध्यम, एक पातळ. कापसाची चेपलेली उशी बरी; फुगीर फोमवरून हात घरंगळतो. पाठीला गोधडीची गुंडाळीही चालते.

लकव्याच्या कुशीवर

या कुशीला घरचे घाबरतात, पण ही स्थिती चांगली. त्या बाजूची जाणीव जागी राहते आणि चांगला हात मोकळा राहतो. जपायचं ते खांद्याला. खांद्याचा सांधा मुख्यतः स्नायूंनीच धरलेला असतो. स्नायू सैल पडले की हाड खोबणीतून खाली उतरतं. तसा खांदा अंगाखाली दबला तर दुखणं बसतं आणि पुढे महिनोन्‌महिने व्यायाम करू देत नाही.

म्हणून रुग्णाला वळवल्यावर तुमचा तळहात त्याच्या खांद्याच्या फऱ्याखाली (खांद्यामागचं सपाट हाड) सरकवा आणि फरा हलकेच पुढे आणा. ओढायचं ते फऱ्याला, हाताला नव्हे. नीट आला असेल तर फऱ्याची आतली कड बरगड्यांवर सपाट लागते. मग हात पुढे, कोपर सरळ, तळवा वर. लुळा पाय गुडघ्यात किंचित वाकलेला, चांगला पाय पुढे मोठ्या उशीवर, पाठीला लोड. सुरुवातीला अर्धा-एक तासच ठेवा. खांदा दुखतो म्हणाले तर फरा पुन्हा बघा.

उचलताना बगलेत हात घालणं किंवा हाताला धरून ओढणं कधीच नको. मावशी किंवा ब्रदर नवीन असतील तर त्यांनाही पहिल्याच दिवशी सांगा. अंगाखाली आडवी चादर घालून दोघांनी सरकवावं.

चांगल्या कुशीवर लुळा हात छातीच्या उंचीवर, उशीवर पुढे. मनगट उशीबाहेर लोंबलं की पंजा सुजतो. लुळा पायही पावलासकट उशीवर.

उताणं कमीत कमी. लुळ्या फऱ्याखाली आणि हाताखाली उशी. खुब्यापासून मांडीच्या बाहेरच्या कडेने टॉवेलची गुंडाळी, म्हणजे पाय बाहेर पडत नाही. पातळ उशी पोटरीखाली, टाचा अधांतरी. गुडघ्याखाली जाड उशी तासन्‌तास ठेवली तर गुडघा वाकलेलाच आखडतो. मुठीत चेंडू देऊ नका. पकड आणखी घट्ट होते. स्प्लिंट (हात सरळ धरून ठेवणारी पट्टी) लागेल का, ते फिजिओला विचारा.

जेवताना कंबर पलंगाच्या दुमडीवर आणा. मग आधी गुडघ्यांचं हँडल फिरवा, नंतर पाठीचं. उलट केलं की माणूस घसरतो आणि माकडहाडाची कातडी ओढली जाते. जमेल तितकं सरळ बसवा, जेवणानंतर अर्धा तास तसंच ठेवा. नाकातून नळी असेल तर डोक्याकडचा भाग किमान ३० अंश वर हवा. खाताना ठसका लागला किंवा आवाज घोगरा-ओला झाला तर भरवणं थांबवून डॉक्टरांना कळवा.

कूस दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा. वेळ आणि बाजू वहीत लिहा, नाहीतर पाळी बदलली की घोळ होतो. प्रत्येक वेळी माकडहाड, खुबे, घोटे, टाचा बघा. लाल ठिकाणी बोट तीन सेकंद दाबून सोडा. तिथे पांढरं पडलं तर ठीक. लालच राहिलं तर त्या जागेवर भार देणं बंद करा आणि डॉक्टरांना दाखवा. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, तिथे हात लावून बघा: आजूबाजूपेक्षा गरम किंवा कडक लागतं का. अशी जागा चोळू नका. रबरी रिंगही नको. तिच्या कडेने रक्तपुरवठा अडतो.

एअर मॅट्रेस घेतली तरी कूस बदलावीच लागते. वर एकच चादर. गोधडी आणि प्लॅस्टिक घातलं तर पैसे वाया. पंपाची कळ रुग्णाच्या वजनानुसार लावा. वीज गेल्यावर गादी बसू लागते, तेव्हा दर तासाला वळवा. आणि पंपाची हवेची नळी पलंगाच्या हलत्या भागात अडकणार नाही अशी घ्या. पाठ वर करताना ती चिमटली की पंप चालू राहतो आणि गादी मात्र सपाट.