ऑफिसमधली भूल: व्यवस्थापनाच्या नियमांमागची पार्श्वभूमी

अमेरिकेत डॉक्टरांच्या दवाखान्याला 'ऑफिस' म्हणतात. भूलतज्ज्ञ आपली औषधे आणि मॉनिटर घेऊन तिथे जातो आणि एन्डोस्कोपी, दंतशस्त्रक्रिया, प्लास्टिक सर्जरी तिथेच उरकते. ही झाली 'ऑफिस-बेस्ड अनेस्थेशिया'. रुग्णालयात ऑक्सिजन भिंतीतून येतो, नार्कोटिक्सचा हिशेब फार्मसी ठेवते, रुग्ण कोसळला तर हाक मारताच माणसे धावत येतात. दवाखान्यात यातले काहीही आपसूक होत नाही. तिथली प्रॅक्टिस चालवणाऱ्याच्या माथी जे नियम आले, त्यांतल्या बऱ्याच नियमांमागे कोणाचा तरी जीव गेलेला आहे.

तसे पाहिले तर भुलीची सुरुवातच दवाखान्यात झाली. १८४४ मध्ये हार्टफर्डच्या एका दंतवैद्याने नायट्रस ऑक्साइड हुंगून स्वतःचा दात काढून घेतला. १८४६ मध्ये बोस्टनच्या रुग्णालयातील ईथरचे प्रसिद्ध प्रात्यक्षिक झाले, त्याच्या दोनच आठवडे आधी तेच ईथर एका दंतवैद्याच्या खुर्चीत वापरून झाले होते. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास आयोवातील सू सिटीत एका भूलतज्ज्ञाने बाह्यरुग्णांसाठी स्वतंत्र भूल-क्लिनिकही चालवले. पुढे मात्र सगळा कारभार रुग्णालयांनी आपल्याकडे घेतला.

दवाखान्यांकडे उलटा प्रवास सुरू झाला तो १९८०च्या दशकात. १९८५ मध्ये अमेरिकेत मिडाझोलाम हे गुंगीचे औषध आले, १९८९ मध्ये प्रोपोफॉल हे शिरेतून द्यायचे भुलीचे औषध. रुग्ण झटकन झोपू लागला आणि झटकन जागाही होऊ लागला. पल्स ऑक्सिमीटर हातात मावेल इतका लहान झाला. सौंदर्यशस्त्रक्रियांचे पैसे रुग्ण खिशातून देत असल्याने विमा कंपनीची नजरही तिथे पोहोचत नव्हती. रुग्णालयांवर आणि डे-सर्जरी केंद्रांवर (शस्त्रक्रिया करून त्याच दिवशी घरी सोडणाऱ्या) परवाना, तपासणी असे सगळे होते. दवाखान्याला लागायचा तो फक्त डॉक्टरचा वैयक्तिक परवाना. ठराविक मर्यादेपेक्षा गाढ भूल द्यायची तर मान्यताप्राप्त जागाच हवी, असा कायदा कॅलिफोर्नियाने १९९४ मध्ये केला आणि तो १९९६ पासून लागू झाला. बहुतेक राज्यांत तोवर सामसूम होती.

खरी ठिणगी पडली फ्लोरिडात. दवाखान्यांतील मृत्यूंच्या बातम्या एकामागून एक येऊ लागल्यावर ऑगस्ट २००० मध्ये तिथल्या नियामकांनी पूर्ण भुलीखालच्या, म्हणजे तिसऱ्या पातळीच्या, दवाखान्यातील शस्त्रक्रियांवर ९० दिवसांची बंदी घातली. मोठा गदारोळ झाला. रुग्णालयांतही रुग्ण दगावतात, मग शिक्षा आम्हालाच का, असे शल्यचिकित्सक विचारत होते. प्रश्न रास्त होता, पण त्याचे उत्तर द्यायला लागणारी आकडेवारी कोणाकडेच नव्हती. गंभीर घटना कळवण्याची सक्तीच जेमतेम काही महिन्यांपूर्वी झाली होती.

त्या सक्तीतून गोळा झालेल्या नोंदींवर २००३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. लाख शस्त्रक्रियांमागे मृत्यूचे प्रमाण दवाखान्यांत ९.२ आणि डे-सर्जरी केंद्रांत ०.७८, म्हणजे दहापटीहून जास्त, असा त्याचा निष्कर्ष होता. यावर जो वाद पेटला तो छेदाचा, म्हणजे भागाकारात खाली येणाऱ्या संख्येचा. मृत्यू मोजलेले होते, पण दवाखान्यांत एकूण शस्त्रक्रिया किती झाल्या हा आकडा अंदाजाने धरलेला होता. छेद वाढवला की धोका कमी दिसतो, घटवला की जास्त. टीकाकारांनी नेमके यावर बोट ठेवले आणि ते चुकीचे नव्हते. तरीही ती बंदी योग्यच होती, असे मला वाटते. जो व्यवसाय आपल्या शस्त्रक्रियांची मोजदादही ठेवत नाही, त्याला 'आम्ही सुरक्षित आहोत' असे म्हणता येत नाही. आज चांगली प्रॅक्टिस प्रत्येक केस रजिस्टरला लावते, काहीही न बिघडता पार पडलेलीसुद्धा, कारण छेद तयार होतो तो त्याच केसेसमधून.

भुलीच्या पातळ्यांच्या भाषेनेही गोंधळ घातला. 'हलकी गुंगी' म्हणून सुरू केलेली केस प्रोपोफॉलच्या दोन मिलिलिटरने पूर्ण भुलीत जाऊ शकते. अमेरिकेतील भूलतज्ज्ञांच्या संघटनेने १९९९ मध्ये गुंगी ते भूल ही एक सलग उतरण असल्याचे लेखी मांडले. २०११ पासून मध्यम आणि खोल गुंगीतही श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणे तिच्या मानकांत आले, तेव्हा तो मोजणारा कॅप्नोग्राफही सामानाच्या पेटीत आला.

पेटीतली सगळ्यात अवघड वस्तू म्हणजे डॅन्ट्रोलिन. भुलीच्या वायूंमुळे किंवा स्नायू सैल करणाऱ्या सक्सिनिलकोलीनमुळे क्वचित एखाद्याचे शरीर अचानक तापते, स्नायू ताठरतात. त्यावर औषध हेच. जुन्या कुप्या २० मिलिग्रॅमच्या, त्या ३६ ठेवायच्या आणि प्रत्येकीत ६० मिलिलिटर निर्जंतुक पाणी घालून हलवत राहायचे. दवाखान्यात माणसे तीन. सगळ्या कुप्या लागल्या तर दोन लिटरहून जास्त पाणी त्या तिघांनी भरायचे, आणि रुग्णाला सांभाळायचेही त्यांनीच. म्हणून अनेक प्रॅक्टिसनी वायू वापरणेच सोडले आणि शिरेतून द्यायच्या औषधांवर भर दिला. मग आणीबाणीत श्वासमार्गासाठी म्हणून फक्त सक्सिनिलकोलीन ठेवले तरी डॅन्ट्रोलिन हवेच का, यावर तज्ज्ञांचे आजही एकमत नाही. २०१४ मध्ये २५० मिलिग्रॅमची कुपी आली, ती ५ मिलिलिटर पाण्यात विरघळते. हात मोकळे झाले, पण मुदत संपण्याची तारीख सांभाळणे काही टळले नाही.

लास वेगासच्या एका एन्डोस्कोपी केंद्रात एकाच रुग्णासाठी असलेली प्रोपोफॉलची कुपी अनेकांना वापरल्याने हिपॅटायटिस सी पसरल्याचे २००८ मध्ये उघड झाले. सुरुवातीलाच सुमारे ४०,००० जणांना तपासणी करून घ्या असे कळवावे लागले. ते केंद्र होते, दवाखाना नव्हे. तरी त्यानंतर उघडलेल्या कुपीचा प्रत्येक थेंब कुठे गेला, हा प्रश्न दवाखान्यांतल्या भूल-पथकांनाही चुकला नाही. न्यूयॉर्कने २००७ मध्ये कायदा करून २००९ पासून दवाखान्यांना मान्यता सक्तीची केली. इतर राज्यांचे नियम मात्र आजही सारखे नाहीत. दोन राज्यांत काम करणाऱ्या पथकाला नियमांच्या दोन फायली ठेवाव्या लागतात, आणि सीमा ओलांडण्याआधी कोणती उघडायची हे आदल्या दिवशीच ठरवावे लागते.