वर, खाली, आत, बाहेर: हंगेरियन भाषक आणि इंग्रजीची जोड क्रियापदे

सॅम्युअल जॉन्सन यांचा इंग्रजी शब्दकोश 1755 मध्ये प्रसिद्ध झाला. परकीयांना इंग्रजीत सर्वांत जड काय जाते, हे त्यांनी त्याच्या प्रस्तावनेतच नोंदवून ठेवले आहे. क्रियापदानंतर एखादे छोटे अव्यय जोडून त्याचा अर्थ पालटून टाकण्याची रीत इंग्रजीत फार आहे आणि ती बाहेरून आलेल्याला चकवते, असे त्यांचे म्हणणे होते. ‘फॉल ऑन’ म्हणजे हल्ला करणे आणि ‘ब्रेक ऑफ’ म्हणजे मध्येच थांबणे, अशी उदाहरणेही त्यांनी दिली. या रचनेला ‘फ्रेझल व्हर्ब’ हे नाव 1925 मध्ये लोगन पियर्सॉल स्मिथ यांनी रूढ केले. अडचण मात्र नावाआधीची आहे आणि आजही तशीच आहे. सुमारे 10 कोटी शब्दांच्या ‘ब्रिटिश नॅशनल कॉर्पस’ या भाषासंग्रहाच्या अभ्यासातून असे दिसले, की इंग्रजी मजकुरात साधारण दर 150 शब्दांमागे अशी एक जोडी भेटते आणि सर्वाधिक वापरातल्या 100 जोड्यांना सरासरी पाचाहून अधिक अर्थ असतात. म्हणजे ‘गिव्ह’, ‘अप’, ‘पुट’, ‘ऑफ’ हे चार शब्द पहिल्याच वर्षी शिकलेला विद्यार्थीही त्यांच्या जोड्यांपुढे अडखळू शकतो.

ही अडचण सगळ्यांना सारखीच येत असेल, असे वरवर पाहता वाटते. हंगेरियन भाषकांकडे पाहिले म्हणजे तसे नसल्याचे कळते आणि या विषयाकडे वळण्याचे माझे कारणही तेच आहे. हंगेरियन ही युरोपच्या मधोमध बोलली जात असली तरी इंडो-युरोपीय कुळातली नाही. तिचे जवळचे नातलग म्हणजे पश्चिम सायबेरियातल्या मान्सी आणि खांती या भाषा, तर दूरचे म्हणजे फिनिश आणि एस्टोनियन. इंग्रजीशी तिचा रक्ताचा संबंध नाही. तरीही क्रियापदाला दिशादर्शक शब्द जोडून नवा अर्थ घडवण्याची हीच युक्ती तिच्यात आहे आणि ती इंग्रजीपेक्षाही अधिक पद्धतशीरपणे वापरली जाते. अशा शब्दाला हंगेरियन व्याकरणात ‘इगेकोतो’, म्हणजे क्रियापदाला बांधलेला शब्द, असे म्हणतात. ‘कि’ म्हणजे बाहेर, ‘बे’ म्हणजे आत, ‘फेल’ म्हणजे वर, ‘ले’ म्हणजे खाली, ‘एल’ म्हणजे दूर. आणि या सर्वांहून अधिक भेटणारा ‘मेग’. त्याचा मूळ अर्थ ‘मागे’ असा होता, पण आज तो बहुतेक वेळा केवळ क्रिया पूर्ण झाल्याचेच सांगतो. नुसते ‘ईर’ म्हणजे लिहिणे, तर ‘मेगईर’ म्हणजे लिहून पूर्ण करणे. मराठीत हे काम दुसरे क्रियापद करते. ‘पुस्तक वाचले’ आणि ‘पुस्तक वाचून काढले’ यांतला फरक ज्याला जाणवतो, त्याला ‘मेग’चे काम वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

इगेकोतोची खरी गंमत त्याच्या हालचालीत आहे. साध्या विधानात तो क्रियापदाच्या आधी येतो आणि त्याला जोडूनच लिहिला जातो. वाक्य नकारार्थी झाले की तो सुटून क्रियापदाच्या मागे जातो. ‘पत्र लिहिले ते पेतेरनेच’ असा जोर द्यायचा असला तरी तो मागे जातो. ‘मला लिहायचे आहे’ असे म्हणताना तो मूळ क्रियापदाला सोडून वाक्यात पुढे येतो आणि इच्छा दाखवणारे क्रियापद या दोघांच्या मध्ये बसते. ‘मेगईर्तॉद?’, म्हणजे ‘लिहून झाले का?’, असे कुणी विचारले तर ‘मेग’ एवढेच म्हटले तरी ‘हो, झाले’ हे उत्तर पूर्ण होते. इंग्रजीत ‘डिड यू लुक इट अप?’, म्हणजे ‘ते शोधून पाहिलेस का?’, या प्रश्नाला नुसते ‘अप’ असे उत्तर कुणी देणार नाही.

उपसर्ग क्रियापदापासून सुटू शकतो, ही कल्पना भारतीय व्याकरणपरंपरेला परकी नाही. उपसर्ग धातूच्या आधी येतात हा नियम सांगून झाल्यावर पाणिनीने लगेच दोन सूत्रांत असे नोंदवले आहे, की वेदभाषेत ते धातूच्या नंतरही येतात आणि मध्ये इतर शब्द येऊन दूरही पडतात. पुढच्या संस्कृतात ही मोकळीक गेली आणि प्रहार, आहार, संहार, विहार, परिहार असे घट्ट जोडलेले शब्द मराठीपर्यंत आले. ‘हृ’ या एकाच धातूचे हे अर्थ उपसर्गांमुळे किती दूर गेले आहेत, हे पाहिले म्हणजे ‘पुट’ या एका क्रियापदापासून ‘पुट ऑफ’ (लांबणीवर टाकणे), ‘पुट आउट’ (विझवणे) आणि ‘पुट अप विथ’ (सहन करणे) कसे निघाले असतील, याचा अंदाज येतो.

इंग्रजी या ठिकाणी उलट्या वाटेने आली. जुन्या इंग्रजीत असे जोड क्रियापदाच्या आधी येत असत. ‘अंडरस्टँड’, ‘फर्गिव्ह’, ‘विथस्टँड’ हे त्या काळाचे अवशेष आहेत. पुढे स्कँडिनेव्हियातून आलेल्या लोकांच्या भाषेचा सहवास लाभला, जुने उपसर्ग झिजले आणि मध्ययुगीन इंग्रजीत अव्यय क्रियापदाच्या मागे जाऊन स्थिरावले. 1066 च्या नॉर्मन विजयानंतर फ्रेंच आणि लॅटिन शब्दांची मोठी भर पडली. त्यामुळे आज एकाच अर्थाला बोलीतली जोडी आणि ग्रंथातला एक शब्द असे दोन पर्याय मिळतात, जसे ‘पुट ऑफ’ आणि ‘पोस्टपोन’. हंगेरियनमधले इगेकोतो मूळचे स्वतंत्र दिशादर्शक शब्द. हंगेरीतल्या तिहानी येथील मठाच्या 1055 सालच्या लॅटिन सनदेत हंगेरियन भाषेचा एक लहानसा तुकडा जपला गेला आहे. फेहेरवार या शहराकडे जाणाऱ्या लष्करी रस्त्याचा उल्लेख करताना त्यात ‘रेआ’, म्हणजे ‘वर’ किंवा ‘कडे’, हा शब्द नामानंतर सुटा लिहिलेला आहे. आजच्या भाषेत तोच नामाला चिकटून ‘रॉ’ किंवा ‘रे’ हा विभक्तिप्रत्यय झाला आहे आणि त्याचाच भाऊबंद ‘रा’ इगेकोतो म्हणून क्रियापदापुढे उभा आहे.

तेव्हा हंगेरियन विद्यार्थी इंग्रजी वर्गात येतो तो रिकाम्या हातांनी नव्हे. ‘फेल’ म्हणजे वर आणि ‘ऑद’ म्हणजे देणे. ‘फेलॉद’ म्हणजे माघार घेणे, हातचे सोडून देणे. हे थेट ‘गिव्ह अप’ आहे. ‘फेलनेझ’ म्हणजे वर पाहणे, आणि एखाद्या व्यक्तीबद्दल वापरले तर तिला आदराने मानणे; ‘लेनेझ’ म्हणजे खाली पाहणे आणि तुच्छ लेखणे. इंग्रजीतली ‘लुक अप टू’ आणि ‘लुक डाउन ऑन’ ही जोडी याच चित्रावर उभी आहे. घर जळून जमीनदोस्त झाले तर हंगेरियनमध्ये ते ‘खाली जळते’, इंग्रजीत ‘बर्न डाउन’ होते. आणि कामाने पिचलेला माणूस दोन्ही भाषांत ‘बाहेर जळतो’, म्हणजे ‘किएग’, ‘बर्न आउट’. या साम्याचे एक कारण शरीराचा अनुभव आहे: वर असणे म्हणजे मोठे, प्रबळ, जागे असणे आणि खाली असणे म्हणजे त्याच्या उलट, हे मानवी देहालाच ठाऊक आहे. दुसरे कारण शेजाराचे आहे. हॅब्सबर्ग साम्राज्याच्या शतकांत हंगेरियन जर्मनच्या सततच्या सहवासात होती. ‘दिसणे’ या अर्थी ‘बाहेर पाहणे’ असे म्हणणारी हंगेरियन रचना जर्मनवरून घडलेली आहे, म्हणून भाषाशुद्धीच्या कैवाऱ्यांनी तिच्यावर टीकाही केली. जर्मन ही इंग्रजीची सख्खी नातलग असल्यामुळे अशा उसन्या जोड्या हंगेरियन माणसाला इंग्रजीतही ओळखीच्या वाटतात.

माझ्या मते धोका परकेपणात नाही, तो या ओळखीतच आहे. ‘कि’ म्हणजे बाहेर, ‘तॉलाल’ म्हणजे सापडणे. म्हणून ‘कितॉलाल’ म्हणजे ‘फाइंड आउट’ असे कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात त्याचा अर्थ कल्पनेने रचणे, शोध लावणे किंवा अचूक ओळखणे असा होतो. ‘फाइंड आउट’मध्ये बाहेर असलेले सत्य आपल्याला कळते, ‘कितॉलाल’मध्ये ते आपल्या डोक्यातून निघते. ‘उतानॉनेझ’चे भाग ‘मागून’ आणि ‘पाहणे’ असे आहेत, पण त्याचा अर्थ एखाद्या गोष्टीची माहिती काढणे, खातरजमा करणे. त्याच भागांचे इंग्रजी ‘लुक आफ्टर’ म्हणजे सांभाळ करणे. यंत्र चालू करणे आणि बंद करणे यांतही असाच फेर आहे: इंग्रजी त्यासाठी ‘ऑन’ आणि ‘ऑफ’ वापरते, तर हंगेरियनमध्ये ते ‘आत जोडतात’ आणि ‘बाहेर जोडतात’.

सर्वांत सूक्ष्म फरक क्रिया संपवण्याच्या कल्पनेत आहे. इंग्रजीत वस्तू संपते तेव्हा बहुधा ‘अप’ येते: ‘ईट अप’, ‘यूज अप’, ‘ड्राय अप’. भांडे भरत जाते तशी पातळी काठापर्यंत पोहोचली की काम पुरे झाले, असे त्यामागचे चित्र मानले जाते. हंगेरियन खाणे ‘मेग’ने संपवते, वापरून संपलेली वस्तू ‘एल’ने दूर पाठवते आणि सुकलेली विहीर ‘कि’ने बाहेर सुकवते. पूर्णत्वाची जाणीव दोन्हीकडे आहे, पण तिची दिशा वेगळी आहे. या ठिकाणी शब्दाला शब्द लावून चालत नाही.

विद्यार्थी अशा जागा टाळतात का, यावर चांगले संशोधन झाले आहे. हिब्रूमध्ये अशी रचना नाही. डगट आणि लाउफर या संशोधकांना 1985 मध्ये असे आढळले, की हिब्रू भाषक विद्यार्थी जोड्या टाळून एकशब्दी क्रियापदे पसंत करतात. स्वीडिशमध्ये ही रचना आहे आणि स्वीडिश विद्यार्थी ती टाळत नाहीत, असे 1993 च्या अभ्यासात दिसले. मला सर्वांत बोलका वाटतो तो 1989 चा डच विद्यार्थ्यांचा अभ्यास. डचमध्ये अशा जोड्या विपुल आहेत. तरीही लाक्षणिक अर्थाची जोडी डचशी हुबेहूब जुळली की विद्यार्थी बिचकत असत. हे फारच आपल्या भाषेसारखे आहे, तेव्हा इंग्रजीत चुकीचेच असणार, अशी शंका त्यांना येई. ‘फेलॉद’ आणि ‘गिव्ह अप’ यांचे साम्य पाहणाऱ्या हंगेरियन विद्यार्थ्याला हा संशय शिक्षकाने आधीच दूर करून दिला पाहिजे. कुठे विश्वास ठेवायचा आणि कुठे नाही, हे त्याला उदाहरणांसह सांगावे लागते.

हंगेरीतच झालेला एक प्रयोग या बाबतीत पायाभूत ठरला. बुडापेस्टच्या एत्वेश लोरांद विद्यापीठातील भाषाशास्त्रज्ञ झोल्तान कोवेचेश आणि त्यांचे सहकारी पेतेर सॉबो यांनी तो 1996 मध्ये प्रसिद्ध केला. ‘अप’ आणि ‘डाउन’ असलेली क्रियापदे हंगेरियन विद्यार्थ्यांच्या एका गटाला हंगेरियन प्रतिशब्दांसह शिकवली. दुसऱ्या गटाला ती त्यांच्यामागच्या चित्रांनुसार गट पाडून दाखवली: अधिक म्हणजे वर, पूर्ण म्हणजे वर, सुखी म्हणजे वर. मग वाक्यातली रिकामी जागा भरण्याची चाचणी घेतली. शिकवलेल्या क्रियापदांत दुसरा गट काहीसा पुढे राहिला. परंतु कधीच न शिकवलेल्या क्रियापदांत तो बराच अधिक पुढे गेला. पुढे भाषासंशोधक फ्रांक बूर्स यांनी बेल्जियममधल्या फ्रेंचभाषक विद्यार्थ्यांसोबत असेच काम केले. चित्रांनुसार लावलेली यादी वर्णानुक्रमाच्या यादीपेक्षा अधिक लक्षात राहिली, पण तो लाभ नव्या क्रियापदांपर्यंत तसा पोहोचला नाही. या दोन निष्कर्षांतले अंतर मला महत्त्वाचे वाटते. ज्याच्या मातृभाषेत दिशादर्शक शब्द रोज अर्थ घडवतात, त्याला इंग्रजीतले चित्र पुढे नेणे अधिक सोपे जात असावे, असे माझे अनुमान आहे.

चित्र समजले तरी जोडी मेंदूत साठवावीच लागते. कॅपेल, श्टिरोव्ह आणि पुल्व्हरम्युलर यांनी 2010 मध्ये मेंदूतल्या चुंबकीय लहरी मोजून हे तपासले. ‘हीट अप’ आणि ‘कूल डाउन’ या खऱ्या जोड्या ऐकताना इंग्रजी भाषकांच्या मेंदूचा प्रतिसाद ‘हीट डाउन’ आणि ‘कूल अप’ या खोट्या जोड्यांपेक्षा मोठा होता. नियमाने जुळवलेल्या शब्दसमूहाऐवजी ओळखीचा एकसंध शब्द ऐकल्यावर असा प्रतिसाद येतो. म्हणजे लिहिताना दोन असलेले शब्द मेंदूच्या लेखी एकच आहेत.

वाक्प्रचारांच्या बाबतीत हेच अधिक ठळकपणे दिसते. स्विनी आणि कटलर यांनी 1979 मध्येच दाखवले होते, की वाक्प्रचार तशाच लांबीच्या साध्या शब्दसमूहापेक्षा लवकर ओळखला जातो. युरोपभर फिरलेले काही वाक्प्रचार हंगेरियन माणसाला आयतेच मिळतात: झाडांमुळे जंगल न दिसणे दोन्ही भाषांत आहे, इंग्रजी माणूस पोत्यातले डुक्कर विकत घेतो तर हंगेरियन पोत्यातले मांजर, इंग्रजी आणि मराठी माणूस एका दगडात दोन पक्षी मारतो तर हंगेरियन एका फटक्यात दोन माश्या. काही मात्र घरचेच आहेत. रडणाऱ्या मुलाला हंगेरियन आई ‘उंदरांना पाणी का पाजतोस?’ असे विचारते. ‘आत लाथ मारणे’ अशा भागांनी बनलेल्या ‘बेरूग’चा अर्थ दारू पिऊन झिंगणे असा होतो, याला इंग्रजीत नेता येईल असा कोणताही आधार नाही.

वाक्प्रचार एकसंध असला तरी त्याचे काही सांधे हलतात आणि कोणते सांधे हलतात हे प्रत्येक भाषा स्वतः ठरवते. गुपित फोडण्यासाठी इंग्रजी ‘स्पिल द बीन्स’, शब्दशः ‘घेवड्याचे दाणे सांडणे’, म्हणते आणि त्याचे कर्मणी रूप चालते, कारण ‘बीन्स’ हा शब्द गुपिताची जागा घेतो. मरण्यासाठीच्या ‘किक द बकेट’मध्ये बादलीला असा स्वतःचा अर्थ नाही, म्हणून काळ बदलता येतो, पण कर्मणी रूप केले की उरते ती खरीखुरी बादली आणि खरीखुरी लाथ. हंगेरियनमध्ये मरणारा माणूस ‘तळपाय वर फेकतो’. त्यातही इगेकोतो ‘फेल’च आहे, आणि ‘अजून मेला नाही’ असे म्हणायचे झाले की तो क्रियापदापासून सुटून नियमाप्रमाणे मागे जातो, तरी वाक्प्रचाराचा अर्थ शाबूत राहतो. आपल्या भाषेत वाक्प्रचाराच्या आतला शब्दही असा सहज हलताना पाहिलेल्या विद्यार्थ्याला ‘किक द बकेट’ इतके ताठ का, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. बादलीला अर्थ नाही आणि बीन्सना आहे, हा फरक त्याला दाखवून दिला, म्हणजे कोणता वाक्प्रचार किती वाकवता येतो हे तो स्वतः तपासू लागतो.