कारण न सापडलेला लकवा आणि दुसऱ्या झटक्याचा धोका : पार्श्वभूमी

खानदेशात पक्षाघाताला लकवाच म्हणतात. जेवताना हातातली भाकरी ताटात गळून पडली आणि तोंड एका बाजूला ओढले गेले, की काय झाले ते घरातल्यांना सांगावे लागत नाही. मात्र जळगाव किंवा धुळ्याहून सुटी मिळताना कार्डावर ‘कारण निश्चित नाही’ असे लिहिलेले असले, की तेच घर गोंधळते. कारणच ठाऊक नसेल तर दुसरा झटका टाळायचा कसा, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे आणि वैद्यकशास्त्रालाही तो दीर्घकाळ सतावत आला आहे.

१९७१ मध्ये रुग्णाचे पहिले सीटी स्कॅन झाले आणि मेंदूत रक्तस्राव झाला आहे की नाही, हे रुग्ण हयात असतानाच दिसू लागले. पुढे रक्तवाहिनी तुंबून होणाऱ्या लकव्याची कारणे वेगळी करण्यासाठी १९९३ मध्ये ‘टोस्ट’ वर्गीकरण आले. मोठ्या वाहिनीतील चरबीचा थर, हृदयातून सुटलेली गुठळी, मेंदूतील बारीक वाहिन्यांचा आजार आणि इतर ठरावीक कारणे यांच्यानंतर त्यात ‘अनिश्चित’ असा शेवटचा रकाना होता. गोम इथेच होती, कारण तपासण्या अपुऱ्या राहिलेला, दोन कारणे एकदम सापडलेला आणि सगळे तपासूनही काही न सापडलेला, असे तिन्ही रुग्ण त्या एकाच रकान्यात बसत. रक्तवाहिनी तुंबून होणाऱ्या लकव्यांपैकी साधारण चौथा हिस्सा आजही कारणाविना राहतो.

२०१४ मध्ये तज्ज्ञांनी असा विचार मांडला, की यांतील बहुतेक लकवे कुठून तरी सुटलेल्या गुठळीनेच होत असावेत. तेव्हा हृदयाचे ठोके अनियमित असलेल्यांना दिली जाणारी रक्त पातळ करणारी औषधे यांनाही लागू पडतील. तर्क पटण्याजोगा होता, पण अनुभव वेगळा आला. ७,२१३ रुग्णांवरील रिव्हरोक्साबॅन या अशाच एका औषधाच्या चाचणीत अ‍ॅस्पिरिनच्या तुलनेत दुसरे झटके कमी झाले नाहीत, उलट रक्तस्राव वाढला आणि चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली. तिचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. २०१९ मध्ये डॅबिगाट्रानही अ‍ॅस्पिरिनपेक्षा सरस ठरले नाही. हृदयाचा डावा वरचा कप्पा बिघडल्याच्या खुणा असलेले रुग्ण निवडून अ‍ॅपिक्साबॅन दिले, तरी २०२४ मध्ये तेच दिसले. कारण हाती नसताना जालीम औषध देण्याची घाई रुग्णाला महागात पडते, असा माझ्या मते या चाचण्यांचा अर्थ आहे.

जिथे शोध चालू ठेवला, तिथे मात्र हाती काही लागले. छातीच्या कातडीखाली बसवलेले लहानसे यंत्र महिनोन्‌महिने ठोके नोंदवते. २०१४ च्या ४४१ रुग्णांच्या अभ्यासात वर्षभरात अशा यंत्राने १२.४ टक्के रुग्णांत लपलेली अनियमितता पकडली, तर नेहमीच्या तपासण्यांनी अवघ्या २ टक्क्यांत. दुसरी गोष्ट हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या छिद्राची, ज्यातून गुठळी मेंदूकडे जाऊ शकते. जन्मानंतर बुजायचे हे छिद्र दर चार माणसांतल्या एकात उघडे राहते आणि बहुतेकांना त्याचा त्रासही होत नाही. ते बंद करण्याचे सुरुवातीचे प्रयोग फसले, पण २०१७ मध्ये एकाच वेळी प्रसिद्ध झालेल्या तीन अभ्यासांत, साठीच्या आतल्या निवडक रुग्णांत, दुसरे झटके स्पष्टपणे घटलेले दिसले.

कारण सापडेपर्यंत अ‍ॅस्पिरिनसारखी गोळी, रक्तदाब, साखर व कोलेस्टेरॉलवर ताबा आणि तंबाखू-विडी पूर्ण बंद, हाच आधार असतो. हात पुन्हा चालू लागला, केळीच्या बागेतली कामे सुरू झाली, की ‘आता बरे वाटते’ म्हणून गोळ्यांची पाकिटे फडताळात पडून राहतात, याची मला खरी काळजी वाटते. कारण गोळी झालेल्या झटक्यासाठी नसते, ती पुढच्यासाठी असते.

खानदेशापुरती आणखी एक बाब ध्यानात ठेवायला हवी. नंदुरबारच्या आणि सातपुड्यातल्या आदिवासी समाजांत सिकलसेल हा तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक आजार आढळतो, आणि तो लहान वयातही लकवा आणू शकतो. धडगाव-अक्कलकुव्याकडच्या तरुण रुग्णाच्या कार्डावर ‘कारण निश्चित नाही’ लिहिण्याआधी ही रक्ततपासणी झालीच पाहिजे, कारण सिकलसेल निघाला तर रक्त चढवणे आणि हायड्रॉक्सियुरिया हे औषध यांवर भर असतो व उपचारांची सारी दिशाच बदलते.