ऑक्सिजन सेन्सर: पहिला बदलायचा की दुसरा?

चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला की गॅरेजातून ठरलेलं उत्तर येतं: ‘ओटू सेन्सर गेलाय, बदलून टाकू.’ कुठला, हे कोणी विचारत नाही आणि कोणी सांगतही नाही. वागळे इस्टेटपासून तुर्भ्यापर्यंत हेच चालू आहे, आणि हकनाक पैसे जातात ते गाडीवाल्याचे.

एप्रिल २०२० नंतरच्या, म्हणजे बीएस सहाच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांत असे दोन सेन्सर असतात. पहिला इंजिन आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा डबा) यांच्या मध्ये, दुसरा कन्व्हर्टर ओलांडल्यावर. पहिल्याचं काम बहुतेकांना ठाऊक असतं: धुरात उरलेला ऑक्सिजन मोजायचा, त्यावरून ईसीएमने (इंजिनच्या कॉम्प्युटरने) पेट्रोल कमी-जास्त करायचं. दोघांची वायर, कपलर (वायरचा प्लग), पार्ट नंबर वेगळे. ते दुकानदार बघून घेईल.

घोळ होतो तो दुसऱ्याच्या कामाबद्दल. पेट्रोल किती पडायचं हे तो ठरवत नाही. काही गाड्यांत बारीकशी दुरुस्ती सुचवतो, तेवढंच. तो बसवलाय कन्व्हर्टरवर नजर ठेवायला. म्हणून ॲव्हरेज पडलं, पिकअप गेला, सायलेन्सरला कच्च्या पेट्रोलचा वास येतोय, अशा वेळी दुसरा सेन्सर बदलून बहुधा काहीच हाती लागत नाही.

दिवा लागल्यावर स्कॅनरवर बिघाडाचा कोड दिसतो. सगळ्यात जास्त फसवतो पी ०४२० हा कोड. त्याचा अर्थ, कन्व्हर्टरची क्षमता ठरलेल्या पातळीखाली गेली. इथे दुसरा सेन्सर तक्रारदार आहे, आणि गॅरेजवाले त्यालाच आरोपी करतात. खात्री करायला दहा मिनिटं पुरतात. गाडी चांगली तापू द्या, रेस २५०० आरपीएमवर स्थिर धरायला सांगा आणि स्कॅनरवर दोन्ही सेन्सरचे चालू आकडे मागा. साध्या झिर्कोनिया सेन्सरचा पहिला आकडा ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये सारखा वरखाली होतो. कन्व्हर्टर धडधाकट असेल तर दुसरा ०.६-०.७ च्या आसपास शांत बसतो, कारण मधला ऑक्सिजनचा चढउतार कन्व्हर्टर पोटात घेतो. दुसराही पहिल्याच्या तालावर नाचू लागला, तर कन्व्हर्टर संपत आलाय. आणि इतक्या चपळाईने नाचणारा सेन्सर बिघडलेला नसतो, हे त्या नाचावरूनच कळतं. (पुष्कळ नव्या गाड्यांत पहिला सेन्सर वाइडबँड, म्हणजे मिश्रणाचं नेमकं प्रमाण मोजणारा, असतो. त्याचा आकडा असा नाचत नाही. तो स्थिर दिसला म्हणून घाबरू नका.)

मग कन्व्हर्टर बदलायचा? आधी तो का गेला ते शोधा. मिसफायर होतंय का, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट जळत नाहीये का, इंजिन ऑइल खातंय का? ते तसंच ठेवून नवा बसवलात तर तोही जाईल. दुसऱ्या सेन्सरखाली स्पेसर (सेन्सरला धुराच्या वाटेपासून लांब धरणारा तुकडा) लावून दिवा विझवून देणारे लोक आहेत. हा मला सरळ गुन्हा वाटतो. दिवा विझतो, धूर तसाच राहतो, आणि तो घोडबंदर रोडच्या गर्दीत मागच्या रिक्षातल्या माणसाच्या नाकात जातो.

सेन्सरचे स्वतःचे कोड निराळे: पी ०१३० ते ०१३५ पहिल्याचे, ०१३६ ते ०१४१ दुसऱ्याचे. यातले ०१३५ आणि ०१४१ सेन्सर तापवणाऱ्या हीटरच्या सर्किटचे. तिथे आधी फ्यूज, मग कपलर बघा. पावसाळ्यात पाण्यातून गाडी काढली असेल तर नक्कीच. पी ०१७१, म्हणजे लीनचा (हवा जास्त, पेट्रोल कमी) कोड आला तरी सेन्सरवर उडी नको. पहिल्या सेन्सरच्या आधी गॅस्केट फुटलं असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला ऑक्सिजन जास्त दिसतो आणि ईसीएम उगाच पेट्रोल वाढवतो. सीएनजीची गाडी असेल तर आणखी सोपं: दोन्ही इंधनांवर चालवून बघा. लीन फक्त सीएनजीवर दिसत असेल तर गॅसचा फिल्टर आणि इंजेक्टर तपासा. सेन्सर तर दोन्हींना तोच आहे.

पेट्रोलमध्ये बुडवून सेन्सर ‘साफ’ करणं हा शुद्ध वेळेचा अपव्यय आहे. काजळी हा रिच (पेट्रोल जास्त असलेल्या) मिश्रणाचा परिणाम असतो, कारण नव्हे; आणि सिलिकॉनने मेलेला सेन्सर कशानेही जिवंत होत नाही. म्हणूनच इंजिनजवळ साधा सिलिकॉन सीलंट वापरणाऱ्याला थांबवा, सेन्सरला चालेल असं लिहिलेलाच घ्या.

खरोखर बदलायचाच असेल तर पार्ट नंबर जुळवून, गाडीच्या मूळ कपलरसकट घ्या. वायर कापून जोडायचा युनिव्हर्सल सेन्सर मी कोणालाही सुचवणार नाही. खोलताना सायलेन्सर कोमट असावा आणि वायरसाठी खाच असलेला २२ चा सॉकेट वापरावा. आधी गंजनाशक स्प्रे मारून थांबावं, नाहीतर आटे निघून येतात. नव्या सेन्सरच्या आट्यांना बहुधा अँटीसीझ (आटे जाम होऊ न देणारं मलम) लावलेलंच असतं. नसेल तर आट्यांपुरतंच लावा, टोकाला बोटही लागू देऊ नका. कपलरमध्ये ग्रीस किंवा स्प्रे अजिबात नको: बऱ्याच सेन्सरना तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा त्या वायरींच्या आतूनच मिळते.