टिकाव, कुदळ आणि फावड्यासाठी सॅकमध्ये करायचे बदल
ग्राहकांसाठी माहितीपत्रक

बहुतेक ट्रेकिंग सॅकच्या तळाशी पट्ट्याचा एक छोटा लूप असतो. त्यात टिकाव अडकवायचा मोह होतो. तसे करू नका. तो लूप आइस अ‍ॅक्ससाठी, म्हणजे बर्फावर चढताना वापरायच्या हलक्या कुऱ्हाडीसाठी असतो, म्हणजे अर्ध्या किलोच्या आसपासच्या वस्तूसाठी. टिकावाचे नुसते डोके अडीच किलोच्या आसपास भरते. शिवाय हा लूप बऱ्याचदा फक्त कापडावर शिवलेला असतो. प्रत्येक पावलाला डोके वरखाली आदळते आणि आधी कापड फाटते, मग लूप सुटतो.

म्हणून पुढच्या सगळ्या कामाचे सूत्र एकच: अवजाराचे वजन कापडावर टाकायचे नाही, ते सॅकच्या सांगाड्यापर्यंत आणि तिथून कमरपट्ट्यावर न्यायचे. आत अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या किंवा बाहेर सांगाडा नसेल, तर त्या सॅकवर हे काम करण्यात अर्थ नाही.

साहित्य
38 मिमी रुंद पॉलिएस्टर पट्टा सव्वा मीटर. 25 मिमी पट्टा 2 मीटर आणि त्याची दोन बकले. 1000 डेनियर जाडीच्या कॉर्ड्युराची (जाड, मजबूत नायलॉन कापड) 8 बाय 8 सेंमीची चार ठिगळे. टेक्स 70 जाडीचा बाँडेड नायलॉन दोरा आणि 110/18 नंबरची सुई. पट्टा नायलॉनचा घेतला तरी चालतो, पण नायलॉन भिजला की ताणतो. सकाळी घट्ट आवळलेले अवजार पावसात दुपारपर्यंत हलायला लागते. पट्ट्याची कापलेली टोके मेणबत्तीवर धरून वितळवा, नाहीतर धागे सुटतील.

खालचा झोळा
38 मिमी पट्ट्याचे 60 सेंमीचे दोन तुकडे करा. प्रत्येकाचे एक टोक सॅकच्या पाठीकडच्या तळशिवणीत, कमरपट्टा जिथे जोडला आहे त्याच्या जवळ शिवा. पट्टा तळाखालून पुढे आणा, पुढच्या बाजूने 6 सेंमी वर चढवा आणि तिथे शिवून टाका. उरलेल्या टोकाचा लूप करा. लूप इतका मोठा हवा की म्यान चढवलेले डोके त्यातून जेमतेम सरकेल. उरलेला पट्टा कापा. दोन लूपमध्ये 20 सेंमी अंतर ठेवा. डोके या दोन लूपमध्ये आडवे बसते आणि दांडा मधून सरळ वर जातो.

टाका 3 मिमीचा. बारीक टाका जास्त मजबूत असे वाटते, पण जवळजवळ पडलेल्या भोकांमुळे कापड तिकिटाच्या कडेसारखे होते आणि नेमके तिथेच फाटते. प्रत्येक जोडावर चौकोन आणि आत फुली शिवा. चौकोन पट्ट्याच्या रुंदीपेक्षा किंचित आत ठेवा. आतून ठिगळ लावल्याशिवाय एकही जोड शिवू नका.

तळशिवणीत मशीनचा पाय पोहोचत नाही. तिथे आरीने भोके पाडून दोन सुयांनी दोन्ही बाजूंनी हातशिलाई करा. एक दोरा तुटला तरी दुसरा धरून राहतो. शिवण्यापूर्वी सांगाड्याच्या पट्ट्या बाहेर काढा आणि त्यांच्या खोबणीतून टाका जात नाही ना, ते बोट घालून पाहा. खोबण शिवली गेली की पट्टी परत आत जात नाही आणि सगळे उसवावे लागते.

वरचे दोन पट्टे
25 मिमी पट्टे बाजूच्या शिवणींत अडकवा: एक डोक्याच्या 15 सेंमी वर, दुसरा त्याच्या किमान 35 सेंमी वर. एकाच पट्ट्याने बांधलेला दांडा घड्याळाच्या लंबकासारखा हलतो. इथे लवचीक दोरी वापरू नका. ती ताणते आणि अवजार उसळी मारते.

बाहेरची शिलाई झाली की आतून सीम सीलर, म्हणजे शिवणीची भोके बुजवणारा लेप लावा. सॅकच्या कापडावर सिलिकॉनचा लेप असेल तर सीलरही सिलिकॉनचाच हवा, दुसरा त्यावर चिकटत नाही.

म्यान
जुन्या अग्निशमन नळीचे म्यान उत्तम होते. फक्त शिवणीच्या दोन थरांमध्ये, धारेच्या समोर, त्याच नळीची एक जाड पट्टी घाला. ती नसेल तर धार थेट दोऱ्यावर येते आणि म्यान आतून कापले जाते. करवतीला जाड पाण्याची नळी लांबीत चिरून बसवा. चामड्याचे म्यान दिसते छान, पण ओले चामडे पात्याला गंज चढवते. मुक्कामाला पोहोचल्यावर पाते बाहेर काढून ठेवा.

बांधताना
टिकावाच्या डोक्याचे छिद्र निमुळते असते, दांडा त्यात वरून घालून ठोकलेला असतो. असा दांडा काढून वेगळा न्यावा, हा आमचा सल्ला. डोके वर धरून दांड्याचे बारीक टोक दगडावर उभे आपटा. डोके सैल होऊन खाली सरकते. हात त्याच्या वाटेत ठेवू नका.

दांडा न काढता नेणार असाल तर डोके खालीच. साधारण 90 सेंमीचा दांडा मध्यम उंचीच्या माणसाच्या डोक्याच्याही किंचित वर जातो. फांदीखालून जाताना आपण वाकतो, दांडा मात्र पुढे कलून अडकतो. तिरपा बांधला तर तो बाजूच्या झुडपांत अडकतो. यावर पक्का इलाज नाही. आखूड दांडा किंवा सुटा दांडा, एवढेच पर्याय.

सॅक अर्धी रिकामी असेल तर बाजूचे पट्टे आवळून ती चपटी करा. डोके पाठीपासून 30 सेंमीऐवजी 15 सेंमीवर आले की त्याची मागे ओढ निम्मी होते. सोबत पेट्रोलचा कॅन असेल तर तो बाहेर, उभा आणि जेवणाच्या सामानापासून लांब. पहार सॅकला बांधूच नका.

धारदार अवजार शक्यतो हातातच, उताराच्या बाजूच्या हातात. तोल गेला तर ते लांब फेकता येते. पाठीवरचे फेकता येत नाही. म्हणून म्यानाशिवाय काहीही पाठीवर चढवू नये, आणि चालताना दोघांत किमान 3 मीटर अंतर ठेवावे.

पहिल्या खेपेनंतर तळशिवणीचे टाके बोटाने चाचपून पाहा. भोके लांबट दिसू लागली असतील तर तिथे मोठे ठिगळ लागेल.

हे काम आमच्याकडून करून घ्यायचे असेल तर सॅक धुऊन वाळवून, सांगाड्याच्या पट्ट्यांसह आणा. सोबत अवजारही आणा, म्यान असेल तर म्यानासकट. लूपचे माप आम्ही अवजारावरूनच घेतो.