आयर्विनला किती?

जुलै-ऑगस्टमध्ये सांगलीत दोन माणसे भेटली की आधी हेच विचारतात: आयर्विनला किती? आयर्विन म्हणजे कृष्णेवरचा १९२९ सालचा पूल. त्याच्यापाशी पाणी ४० फुटांवर गेले की इशारा, ४५ फुटांवर धोका. कित्येकदा शहरात लख्ख ऊन पडलेले असते आणि पाणी चढतच असते, कारण पाऊस पडतोय तिकडे वर. महाबळेश्वरला वर्षाला सरासरी सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, सांगलीला त्याच्या जेमतेम दहावा हिस्सा.

सह्याद्री पश्चिमेला कड्यासारखा तुटलेला आहे, पूर्वेला उतरता. त्यामुळे महाबळेश्वरच्याच माथ्यावरून निघालेली सावित्री कोकणात उतरून लगेच समुद्राला मिळते. कृष्णा मात्र अरबी समुद्र ६५ किलोमीटरवर असताना त्याच्याकडे पाठ फिरवते आणि सुमारे १४०० किलोमीटर चालून बंगालचा उपसागर गाठते. उगम १३०० मीटरच्या वर, वाई सातशेच्या आसपास, सांगली साडेपाचशे. म्हणजे सांगलीपर्यंत जेवढे उतरायचे, त्यातले बहुतेक ती वाईपर्यंतच उतरून मोकळी होते. पुढे माहुलीला वेण्णा येऊन मिळते, पण उतार उरलेला नसतो. कृष्णामाई संथ म्हणतात ती वाईच्या खालची.

खरी गंमत कोयनेची. तीही महाबळेश्वरचीच, पण ती डोंगररांगांच्या मधून सरळ दक्षिणेला जाते, हेळवाकला काटकोनात पूर्वेकडे वळते आणि कराडला कृष्णेला थेट समोरून भेटते. तो प्रीतिसंगम. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी कराडजवळ खोडशीला बंधारा घालून कालवा काढला, तेव्हा नदीची चाल फारशी बदलली नाही. कोयना धरणाने ती बदलली. साठा १०५ टीएमसी, म्हणजे १०५ अब्ज घनफूट, आणि त्यातले बरेच पाणी बोगद्यातून पोफळीच्या वीजघराला, तिथून कोकणातल्या वाशिष्ठी नदीत, म्हणजे अरबी समुद्राला. पूर्वेच्या नदीचे पाणी सावित्रीच्या दिशेने धाडले ते माणसाने. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपामुळे हे धरण देशभर माहीत झाले, ते वेगळे.

कराडच्या खाली सपाटी. ब्रह्मनाळला खटावकडून येरळा येते, वर्षातला बराच काळ कोरडी. हरिपूरला वारणा मिळते, ती मात्र चांदोलीचा पाऊस घेऊन. आणि पुढे नरसोबाच्या वाडीला पंचगंगा. पंचगंगा फुगलेली असली की कृष्णेला पुढे सरकायला जागा मिळत नाही, फुगवटा मागे सांगलीकडे येतो. २००५, २०१९, २०२१ हे तिन्ही पूर आम्ही पाहिले. २०१९ ला आयर्विनला ५७ फुटांच्याही वर पाणी होते. दर पुरात खाली कर्नाटकात कृष्णेवर असलेल्या अलमट्टी धरणाचे नाव निघते आणि भांडण सुरू होते. धरणाच्या पाण्याबद्दल वाद जरूर घालावा, पण हा सपाट उतार त्या धरणाच्या कितीतरी आधीचा आहे.

याच संथपणाने काठाला मळी दिली, वर्षानुवर्षे साचलेला गाळ. कृष्णाकाठच्या वांग्यांची चव सगळे सांगतात, ती या मळीची. गावे काठाला धरून वसली तीही त्यासाठीच.

सांगलीत सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर या सखल भागांत इशारा पातळी गाठण्याआधीच पाणी शिरते. तिथली माणसे आयर्विनची वाट बघत नाहीत. सकाळी उठून आधी वर कोयनेच्या खोऱ्यातला पाऊस विचारतात, नवजाला किती पडला?