रक्ताच्या कॅन्सरमध्ये एकेका पेशीचं सिग्नलिंग मोजणं: हे सगळं आलं कुठून?

पेशीच्या बाहेरून एखादं सायटोकाइन, म्हणजे निरोप्या प्रोटीन, येतं, पेशीवरच्या रिसेप्टरला चिकटतं, मग आत कायनेझ नावाची एन्झाइम्स एकामागून एक प्रोटीन्सना फॉस्फेट लावत सुटतात आणि शेवटी न्यूक्लियसपर्यंत निरोप पोचतो की वाढ, थांब नाहीतर मर. हा सगळा खेळ काही मिनिटांचा, आणि रक्ताच्या कॅन्सरमध्ये बऱ्याचदा घोळ इथेच कुठेतरी झालेला असतो.

1960 मध्ये फिलाडेल्फियात नोवेल आणि हंगरफोर्डना क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियाच्या पेशींत एक बारकं विचित्र क्रोमोसोम दिसलं, 1973 मध्ये जॅनेट राउलींनी दाखवलं की ते 9 आणि 22 नंबरच्या क्रोमोसोमच्या तुकड्यांच्या अदलाबदलीतून होतं, पुढे कळलं की त्यातून कायम चालू राहणारं बीसीआर-एबीएल कायनेझ तयार होतं आणि 2001 मध्ये त्यावर इमॅटिनिब बाजारात आलं. एवढं छान जमल्यावर सगळ्यांना वाटलं की आता प्रत्येक ल्युकेमियात असंच एक बटण शोधायचं आणि बंद करायचं. अक्यूट मायलॉइड ल्युकेमियाने, म्हणजे एएमएलने, ही आशा फारशी टिकू दिली नाही. तिथे एकाच पेशंटच्या नमुन्यात दहा तऱ्हेच्या पेशी, आणि प्रत्येकीचं वागणं निराळं.

सिग्नल मोजायची तेव्हाची नेहमीची पद्धत म्हणजे वेस्टर्न ब्लॉट. लाखो पेशी फोडायच्या, सगळ्यांचं प्रोटीन एकत्र करायचं आणि पट्टी किती गडद येते ते बघायचं. आता समजा शंभरातल्या पाच पेशींत सिग्नल प्रत्येकी 20 आहे आणि बाकीच्यांत शून्य, किंवा शंभरच्या शंभर पेशींत 1 आहे, तर दोन्ही वेळेला बेरीज 100, पट्टी सारखीच! आणि नेमक्या त्या पाच पेशीच महत्त्वाच्या असू शकतात. 1994 मध्ये टोरोंटोत जॉन डिक यांच्या लॅबने दाखवलंच होतं की उंदरात एएमएल पुन्हा उभा करायची ताकद फार थोड्या पेशींत असते.

एकेक पेशी मोजायचं मशीन मात्र केव्हाच तयार होतं. 1965 मध्ये लॉस अलामॉसला मॅक फुलविलरने पेशी वेगळ्या करणारं यंत्र केलं (त्यातली थेंब पाडायची युक्ती इंकजेट छपाईतून उचललेली, हे मला भारी वाटतं), मग स्टॅनफर्डला हर्झेनबर्ग यांच्या लॅबने त्यावर फ्लोरोसन्सची, म्हणजे प्रकाशात चमकणाऱ्या रंगांची, जोड दिली, 1975 ला मोनोक्लोनल अँटिबॉडी (नेमक्या एकाच खुणेला चिकटणाऱ्या) आल्या आणि फ्लो सायटोमेट्री, म्हणजे रंग लावलेल्या पेशी एकेक करून लेझरसमोरून नेत मोजणं, जोरात चालायला लागली. शिवाय रक्ताच्या पेशी मुळातच सुट्या तरंगत असतात, गाठीसारखं टिश्यू फोडत बसावं लागत नाही. पण हे सगळं पेशीच्या पृष्ठभागापुरतं. सिग्नल असतो आत, आणि अँटिबॉडी आत जाणार कशी?

इथे श्रेय मशीनला जातं पण खरं काम केलं ते फॉर्माल्डिहाइड आणि मेथॅनॉलने. फॉर्माल्डिहाइडने पेशी आहे त्या क्षणी गोठवायची, मेथॅनॉलने तिला भोकं पाडायची, मग फॉस्फेट लागलेलं प्रोटीनच तेवढं ओळखणारी अँटिबॉडी आत सोडायची. 2002 च्या सुमाराला स्टॅनफर्डच्या गॅरी नोलन यांच्या लॅबने हे नीट बसवलं, त्यालाच फॉस्फो-फ्लो म्हणतात.

2004 मध्ये त्याच लॅबमधून जोनाथन आयरिश आणि सहकाऱ्यांचा एएमएलवरचा पेपर आला, आणि माझ्या मते खरा वळणबिंदू तोच. त्यांनी नुसत्या निवांत पडलेल्या पेशी बघितल्या नाहीत, आधी त्यांना सायटोकाइन देऊन डिवचलं आणि मग स्टॅट5, स्टॅट3 वगैरे निरोप आत नेणारी प्रोटीन्स किती पेटतात ते मोजलं. निवांत असताना सारख्या वाटणाऱ्या पेशी डिवचल्यावर वेगळ्या निघाल्या, आणि हा फरक एफएलटी3 या रिसेप्टरच्या जीनमधल्या म्युटेशनशी आणि केमोला मिळणाऱ्या प्रतिसादाशी जुळत होता. पुढे 2010 मध्ये फॉलिक्युलर लिम्फोमात (हा बी पेशींचा, म्हणजे अँटिबॉडी बनवणाऱ्या पांढऱ्या पेशींचा कॅन्सर) उलटं दिसलं, बी-सेल रिसेप्टर डिवचूनही गप्प राहणाऱ्या पेशी जास्त असल्या की पेशंटचं पुढचं चित्र वाईट.

अडचण उरली रंगांची. फ्लोरोसन्ट रंग एकमेकांत मिसळतात, त्यामुळे तेव्हा एका वेळी मोजक्याच गोष्टी मोजता यायच्या. टोरोंटोत स्कॉट टॅनर यांच्या टीमने 2009 च्या आसपास रंगांऐवजी धातूंचे आयसोटोप लावले आणि पेशी प्लाझ्मात (रक्तातला नव्हे, प्रचंड तापलेला वायू) जाळून, उरलेले धातूचे अणू वजनावरून ओळखणाऱ्या मास स्पेक्ट्रोमीटरने मोजल्या, हीच मास सायटोमेट्री. 2011 मध्ये निरोगी बोन मॅरोवर एकाच पेशीत 34 गोष्टी मोजून झाल्या. तोटा एवढाच की पेशी जळून जाते, तिच्यावर पुढे काहीच करता येत नाही.

2018 मध्ये हेच तंत्र लहान मुलांच्या बी-सेल ल्युकेमियात वापरलं गेलं. निदानाच्या वेळच्या नमुन्यातच, बी पेशीच्या वाढीच्या ठरावीक टप्प्यांवर अडकलेल्या आणि एमटॉर नावाचा वाढीचा सिग्नल-मार्ग आधीच चालू असलेल्या किंवा रिसेप्टर डिवचूनही हलत नसलेल्या पेशी शोधल्या, तर आजार उलटणार का याचा अंदाज बांधता येतो असं त्यात दिसलं. आता एकेका पेशीचं आरएनए वाचायची पद्धत जोरात आहे, पण आरएनएवर फॉस्फेट थेट दिसत नाही, त्यामुळे सिग्नल बघायचा तर अजूनही ताजा किंवा नीट जपलेला नमुना, फॉर्माल्डिहाइड आणि चांगली अँटिबॉडी लागतेच.